साथ ओसरल्यानंतरचा पैसा



आज मला पैशाविषयी बोलायचे आहे. आपल्या परिषदांत विषाणूंवर भरपूर बोलले जाते. त्यांच्यावरच्या संशोधनाला पैसा कोण देतो आणि किती दिवस देतो, याची चर्चा मात्र चहाच्या टेबलावरच राहते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात कलकत्त्याहून जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली मिळाली, शिवाय व्हरांड्याचा एक तुकडा. तिथे त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच महिन्यात सरकारने साथरोग कायदा आणला. पुण्यात घरे तपासायला गोरे सोल्जर फिरले आणि त्याची परिणती प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाली, हे आपण शाळेतच वाचले आहे. कायद्याला फौज मिळाली, लसीला खोली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसची वास्तू प्रयोगशाळेसाठी मिळाली ती १८९९ साली, प्लेग लवकर हटणारा नाही हे कळून चुकल्यावर.

पुण्याची गोष्ट वेगळी. १९५२ साली तिथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा दारात कोणतीही महासाथ उभी नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जोडीला पैसा रॉकफेलर प्रतिष्ठानचा होता, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. पाचच वर्षांत शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली, आणि या केंद्राने एक नवा विषाणू शोधून काढला. डास, गोचिडी, वटवाघळे यांच्यामागे रानोमाळ फिरणारी माणसे तिथे सरकारी पगारावर दशकानुदशके टिकली. म्हणून २०२० च्या मार्चमध्ये याच केंद्राला, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, करोनाचा विषाणू अलग करता आला आणि त्यातूनच पुढे कोव्हॅक्सिन आली. ते काम अडुसष्ट वर्षांच्या पगारपत्रकांवर उभे होते.

पैसा मध्येच आटला तर काय होते, याचा दाखला अमेरिकेतला आहे. करोनाच्याच कुळातल्या सार्सच्या २००३ मधील साथीनंतर टेक्सासमध्ये पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या गटाने सार्सविरुद्ध लस तयार केली. २०१६ पर्यंत ती माणसांवरील चाचण्यांच्या उंबरठ्याशी आली होती. तेव्हा सार्स कुठेच नव्हता, त्यामुळे चाचण्यांना पैसे द्यायला कुणी पुढे आले नाही आणि लस शीतपेटीत पडून राहिली. करोना आल्यावर त्याच गटाच्या तंत्रावर हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीने कॉर्बेव्हॅक्स ही लस बनवली. तिला डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे आपल्याकडची दुसरी लाट माणसे घेऊन गेल्यानंतर. २०१६ मध्ये त्या चाचण्या झाल्या असत्या, तर किती महिने वाचले असते याचा हिशेब मला मांडता येणार नाही. पण तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पाऊस पडला की बुजवायची, हा व्यवहार श्रीमंत देशालाही परवडला नाही.

आपला व्यवहार तरी काय निराळा? संशोधन आणि विकासावर आपण सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया साडेचार टक्क्यांहून अधिक करतो. नोव्हेंबर २०२० मध्ये लससंशोधनासाठी 'मिशन कोविड सुरक्षा' जाहीर झाले. रक्कम ९०० कोटी, मुदत बारा महिने. रक्कम चांगली होती. खटकते ती मुदत.

खासगी कंपन्यांना मी दोष देणार नाही. बाजार दिसला की त्या येतात, तो त्यांचा धर्म आहे. बाजार नसलेल्या रोगाचे काय, हा प्रश्न सरकारचा. क्यासनूरचा तो आजार, आपला माकडताप, गेल्या दशकात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यातल्या सत्तरीत पोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना तो होतो. त्यावरची जुनी लस पुरेशी गुणकारी राहिली नाही, तिचा वापर थांबला, आणि नवी आता कुठे चाचण्यांच्या वाटेवर आहे. विषाणू हाती लागला १९५७ साली! काजू वेचणारी बाई ही कुणाचीही बाजारपेठ नव्हे, याहून वेगळे कारण मला दिसत नाही.

गावात डॉक्टर नसताना न आलेल्या साथीसाठी पैसे कसले मागता, असे मला विचारले जाते. दोडामार्गात आलेला रोग पुरवणी मागण्यांची वाट पाहत बसलेला नाही. शिवाय अशा आलेल्या रोगांवर राबणारे हातच न आलेल्या साथीला तोंड देतात. पुण्याने तेच दाखवले.

हे हात मात्र आपण सांभाळत नाही. जानेवारी २०२० मध्ये करोनाची तपासणी करणारी आपल्याकडे एकच प्रयोगशाळा होती. दोन वर्षांत त्या तीन हजारांवर गेल्या. यंत्रे आजही आहेत. ती चालवणारे अनेक तंत्रज्ञ कंत्राटावर होते आणि साथ ओसरताच कित्येक जण घरी गेले. इमारतीचे उद्घाटन करता येते, भरलेल्या पदाचे करता येत नाही, हीच बहुधा अडचण असावी.

पैसा कुठून आणायचा, याचे एक उत्तर घरातच आहे. कोव्हॅक्सिनच्या चाचण्यांवर आयसीएमआरने सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केले आणि स्वामित्वशुल्कापोटी जानेवारी २०२२ पर्यंतच आयसीएमआरला १७० कोटींहून अधिक मिळाले, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. सार्वजनिक पैशातून जन्मलेल्या लसीच्या कमाईत जनतेचा वाटा असावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः एक ठराव मांडणार आहे. अशा शुल्काचा स्वतंत्र निधी करावा. तो मार्चअखेर परत न जाता बाजार नसलेल्या रोगांवर खर्च व्हावा. आणि राज्यातल्या विषाणू प्रयोगशाळांतली तंत्रज्ञांची पदे कायमस्वरूपी भरावीत. ठरावावर वाद घाला, दुरुस्त्या सुचवा. पण तो मंजूर झाला तर आपापल्या आमदारांकडे त्याची प्रत घेऊन स्वतः जा. टपालाने पाठवू नका.