उसाच्या फडातली वाघाटी

गळीत हंगाम सुरू झाला की ‘फडात बिबट्याचे बछडे सापडले’ अशी बातमी आपल्या भागात हमखास येते. काही वेळा ते खरोखर बिबट्याचेच असतात. काही वेळा मात्र ती वाघाटीची पिल्ले असतात, आणि आज मला तिच्याविषयीच बोलायचे आहे.

जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांमध्ये वाघाटीची गणना होते. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम किलोभर भरते, नर दीड किलोच्या आसपास. म्हणजे आपल्या घरातल्या मांजराच्या निम्मीसुद्धा नाही. भारत, श्रीलंका आणि नेपाळचा काही भाग सोडला तर ती जगात कुठेच नाही. १८३१ साली जॉफ्रुआ सेंत-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेही पाँडिचेरीकडच्या नमुन्यावरून.

तिचे रूप नीट लक्षात ठेवा. अंगावर आखूड, करडी लव आणि तिच्यावर गंजाच्या रंगाचे ठिपके. डोळ्यांपासून निघून कपाळावरून मानेकडे जाणारे चार गडद पट्टे, गालांवर रेघा, कान लहान आणि गोलसर. पोट पांढरे, त्यावर मोठे ठिपके. शेपूट जाडसर, पण त्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. पंजा उलटा करून पाहिला तर तळवा काळा. चेहऱ्याच्या मानाने डोळे फार मोठे, कारण तिचा सारा व्यवहार रात्रीचा. दिवस ती झाडाच्या ढोलीत नाहीतर दाट झुडपात काढते. झाडावर ती सहज चढते. पण उंदीर, बेडूक, सरडे, किडे यांच्यासाठी तिला जमिनीवर उतरावेच लागते. पाऊस पडून गेला की बेडकांसाठी ती हमखास बाहेर पडते.

उंदरांमागे ती शेतात येते, आणि उसासारखा आडोसा तिला दुसरीकडे कुठे मिळणार? पाचटात ती एक ते तीन पिल्ले घालते. घोटाळा होतो तो इथेच. जन्मलेल्या पिल्लाच्या पाठीवर गंजाचे डाग नसतात, काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. कोयता थांबतो, कुणीतरी ‘बिबट्या!’ म्हणून ओरडते, आणि पाहता पाहता सारे गाव बांधावर जमते. बिबट्याचे नवजात पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास असते. वाघाटीचे शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही, ओंजळीत मावते.

ते पिल्लू अनाथ नसते, हे मला कळकळीने सांगायचे आहे. आई माणसांच्या गलबल्याने दूर गेलेली असते, पण फार लांब नाही. आपण पिल्लू घरी नेतो, गाईचे दूध पाजतो. त्याने त्याला जुलाब होतात आणि ते दगावते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाटीला वाघाइतकेच, पहिल्या अनुसूचीतले संरक्षण दिले आहे. तिला घरात पाळणे हा गुन्हा आहे.

जुन्नर परिसरात वन विभाग आणि पशुवैद्यकांनी वेगळी वाट धरली. ते आधी पिल्लांना तपासतात. मग संध्याकाळी, जिथे सापडली त्याच जागी, ती उघड्या क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसांना दूर पाठवतात. अंधार पडल्यावर आई येते, एकेका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि घेऊन जाते. पहिल्या रात्री ती आली नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी क्रेट पुन्हा तिथेच ठेवतात. तेवढा वेळ त्या कोपऱ्यातली तोड थांबवायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे. हे काम तोडणाऱ्या जोडीपासून मुकादमापर्यंत कुणीही करू शकतो.