एकोणीस एकांची संख्या

(भिंगार येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या भिंगारप्रमाणेच छावणीचे गाव असलेल्या देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत शिकवीत असता, केवळ कागद, पेन्सिल आणि अविश्रांत कुतूहल यांच्या बळावर ज्यांनी ६१७४ या संख्येला जगभर ख्याती मिळवून दिली, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचेही मोठे वेड होते. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. या चढत्या-उतरत्या अंकांच्या कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. त्या एकांपैकीच एका प्रचंड मूळ संख्येची हकिकत मी आज सांगणार आहे : ११,११,११,११,११,११,११,११,१११.

अशी संख्या मूळ ठरायची, तर तिच्यातील एकांची गणती प्रथम मूळ असावी लागते. सहा एक घेतले की ते तिनांच्या दोन गटांत पडतात आणि १११ ने निःशेष भाग जातो. मात्र एवढ्यावर खातरजमा होत नाही. तीन एक म्हणजे ३ गुणिले ३७, पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१, सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा, तेरा आणि सतरा एकही असेच फुटतात. एकोणीस एक मात्र फुटत नाहीत, हे ऑस्कर हॉप यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सिद्ध केले.

यंत्रावाचून असा निर्णय करायचा कसा? वर्गमूळ शंभर कोटींच्याही पुढे जाते, आणि तेथवरच्या मूळ संख्या पाच कोटींहून अधिक भरतात. परंतु सात एकांच्या दोन भाजकांतून प्रत्येकी एक वजा करून पाहिले, तर २३८ आणि ४६४८ या दोहोंनाही सातच्या दुपटीने, म्हणजे १४ ने, भाग जातो असे आढळेल, आणि हा योगायोग नसून फर्माच्या सिद्धान्ताचे फळ आहे. त्याच न्यायाने एकोणीस एकांचा भाजक ३८ ने भागल्यावर १ बाकी ठेवणाराच असला पाहिजे. म्हणजे १९१, २२९ अशांचीच चौकशी करावयाची, आणि अठरापैकी सुमारे सतरा हिस्से काम एका फटक्यात रद्द होते.

मला सर्वांत मनोहर वाटतो तो या एकोणीस एकांच्या संख्येचा दशांशातील अधिकार. १ ला ४१ ने भागा, ०.०२४३९०२४३९… येते, २७१ ने भागा, ०.००३६९००३६९… येते, पाच अंकी आवर्तनाच्या वतनात असे दोन हिस्सेदार आहेत. एकोणीस अंकी आवर्तनाचे वतन मात्र सगळ्या मूळ संख्यांत हिच्या एकटीच्या नावे आहे, आणि ते आवर्तन किती निर्मळ : अठरा शून्ये, मग एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये, पुन्हा नऊ!

तेवीस एकांची संख्याही मूळ निघाली. त्यानंतर थेट ३१७ एकांवर आणि पुढे १०३१ एकांवर जावे लागते. ही १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले १९८६ साली. अशा संख्या अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हा प्रश्न जगातील गणितज्ञांपुढे आजही अनिर्णित आहे.