महेश्वर : वाडा, घाट आणि खासगीचा हिशेब
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महेश्वरवर बोला, असा निरोप आला तेव्हा मी जरा कचरलो. इंदूरच्या मराठी माणसाला महेश्वरबद्दल नवे काय सांगायचे? आपण सगळे शाळेच्या सहलीने तिथे गेलो आहोत, घाटावर पोहे खाल्ले आहेत आणि घरात एक तरी महेश्वरी साडी आहेच. पण मागे पुण्याकडच्या एका पाहुण्याला घेऊन गेलो होतो. राजवाड्याच्या अंगणात उभे राहून तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या बाईचा वाडा इतका साधा? पैसा नव्हता का?" मला तिथे धड उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

आजचे महेश्वर म्हणजे खरगोन जिल्ह्यातले तहसिलीचे एक लहान गाव. इंदूरहून मानपूरचा घाट उतरून धामनोदला वळले की पोहोचलो. वस्ती मात्र फार जुनी. पुष्कळ अभ्यासक प्राचीन माहिष्मती ती हीच असे मानतात. (हल्लीच्या मुलांना माहिष्मती सिनेमामुळे माहीत आहे, तो भाग वेगळा.) समोरच्या काठावर नावडातोलीला १९५०च्या दशकात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे विद्यापीठ यांनी उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलियांच्या त्या कामातून ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आली. किल्लाही होळकरांच्या आधीपासूनचा. तेव्हा महेश्वर आपण वसवले, असे कुणी म्हणू नये. आपण त्याला राजधानी केले.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मालेराव गेले आणि कारभार अहिल्याबाईंकडे आला. फौज तुकोजींकडे, मुलकी कारभार बाईंकडे, अशी वाटणी होती. बाईंनी इंदूर सोडून नर्मदाकाठ धरला आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या गेल्या तोवर, म्हणजे २८ वर्षे, माळव्याचा कारभार या काठावरून चालला. पेशव्यांचे वकील इथून पुण्याला बातम्या पाठवीत. पुढे पारसनिसांनी त्या 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' या नावाने छापल्या. आपल्या मंडळाच्या पत्रिकेने हा वारसा सांगायला हरकत नाही!

आता वाडा. लाकडी खांब, ओसरी, कौलारू छप्पर, बैठकीला गादी आणि तक्क्या. चोंडी किंवा वाफगावच्या एखाद्या मातब्बर पाटलाचा वाडा असावा, इतकाच थाट. तिथून पायऱ्या उतरून घाटाकडे आलात की मात्र डोळे दिपतात. दगडी जाळ्या, हत्तींच्या रांगा, कोरीव गवाक्षे. आपण हे सगळे सरसकट 'अहिल्याबाईंचे काम' म्हणून दाखवतो. ते बरोबर नाही. ज्याच्यापुढे आपण सगळे फोटो काढतो, ते अहिल्येश्वराचे देवालय बाईंच्या स्मरणार्थ त्यांच्यामागे उभे राहिले. यशवंतरावांनी ते सुरू केले आणि कृष्णाबाईंनी पुरे केले. समोरची छत्री विठोजीरावांची. १८०१ मध्ये पुण्यात ज्यांना हत्तीच्या पायी दिले, तेच हे विठोजी. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला हे सांगताना मी आवाज थोडा चढवतो, हे कबूल करतो.

म्हणजे बाईंनी स्वतःसाठी जे बांधले ते साधे आणि त्यांच्यासाठी मागच्यांनी जे बांधले ते भव्य. आणि त्यांचा स्वतःचा पैसा? तो काशीला गेला, गयेला गेला, सोमनाथ, हरिद्वार, रामेश्वर असा देशभर गेला. हा पैसा दौलतीचा नव्हता, खासगीचा होता. इथेच माझ्या पाहुण्याचे उत्तर आहे.

खासगी म्हणजे काय, ते तरुणांसाठी सांगतो. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली. तिचे उत्पन्न राज्याच्या खजिन्यात जात नसे, ते घरच्या बाईचे. गौतमाबाई १७६१ मध्ये वारल्यावर ते अहिल्याबाईंकडे आले. फौजेचा खर्च, चौथाई, कर्ज हे दौलतीच्या वहीत. धर्मशाळा, अन्नछत्र, घाट, देवळे हे खासगीच्या वहीत. एका वहीतला पैसा दुसरीत जायचा नाही. बाईंनी या धनावर तुळशीपत्र ठेवल्याची कथा माल्कमनेही दिली आहे. सासूकडून सुनेकडे आलेल्या एका हिशेबावर देशभर दगडी कामे उभी राहिली, आणि बांधून झाल्यावर पूजा, दिवाबत्ती, डागडुजी यांचीही तजवीज त्याच हिशेबात केलेली असे. आपण जयंतीच्या भाषणांत दानधर्म सांगतो. तो निभावणारी ही वही सांगायची मात्र राहून जाते.

राजधानीचे दिवस लवकर सरले. यशवंतराव आयुष्यभर घोड्यावर राहिले आणि १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरलो, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि दरबार इंदूरला आला. तुमचे-माझे पूर्वज त्याच सुमारास इंदूरला स्थिरावले. महेश्वरात विणकर, पुजारी आणि नावाडी उरले. विणकरांचा धंदाही बुडत चालला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या मंडळींनी 'रेवा सोसायटी' काढली, तेव्हा माग पुन्हा जोमाने चालू लागले. साडीच्या काठावरची लहर, चटई, वीट ही नक्षी किल्ल्याच्या दगडावरून आली असे विणकर सांगतात. साडी हातात घेऊन घाटावर फिरा, पटेल.

आता वर्तमानाकडे येतो. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. खासगीच्या मालमत्तांसाठी १९६२ मध्ये ट्रस्ट झाला. यादीत देशभरच्या २४६ मालमत्ता होत्या. पुढे त्यांतल्या काहींच्या विक्रीवरून वाद उठला, हरिद्वारचे प्रकरण तुम्ही वाचलेच असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदूरच्या उच्च न्यायालयाने मालमत्ता शासनाच्या ठरवल्या आणि आर्थिक गुन्ह्यांच्या चौकशीचा आदेश दिला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चौकशीचा आदेश रद्द केला, पण हा सार्वजनिक न्यास आहे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि झालेले व्यवहार निबंधकांनी तपासावेत, असे सांगितले.

कोण बरोबर, कोण चूक, हे मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. आपल्या सभासदांत दोन्ही बाजूंची माणसे आहेत. मला एवढेच दिसते की सार्वजनिक न्यासाच्या कायद्यात स्थावर मालमत्ता विकायला निबंधकांची आधी परवानगी लागते आणि न्यासांची नोंदवही सरकारी कचेरीत असते. ती वही आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? जयंतीच्या मिरवणुकीला आपण शेकड्यांनी जमतो. २०२५ मध्ये त्रिशताब्दी झाली, मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरात भरली, बातम्यांत घाट उजळून निघाला. हे चांगलेच झाले. पण वही बघायला मंडळातर्फे अर्ज करावा, हा ठराव आपल्या सभेत अजून आलेला नाही. तो मी आज मांडतो.

दुसरी गोष्ट गल्लीतली. किल्ला आणि घाट यांना कुणी ना कुणी वाली आहे. बाजारपेठेतल्या जुन्या घरांना नाही. मी सहलीला गेलो होतो तेव्हा कोरीव तुळया आणि सागवानी कोनाडे असलेली घरे ओळीने दिसत. आता मध्येमध्ये लोखंडी शटरे आहेत. त्या घरमालकांना दोष देणे मला जमत नाही. गळके कौल आणि वाढते कुटुंब घेऊन कोण किती दिवस काढणार? त्यांचे दरवाजे आणि तुळया भंगाराच्या भावाने जाण्याआधी मोजमाप आणि छायाचित्रे तरी घेता येतील. आपल्याकडे निवृत्त अभियंते कमी नाहीत.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या घरातली. होळकरांच्या कारभाराचे कागद मोडीत आहेत. सरकारी दप्तरातले जपले जातात, पण फडणीस, मुजुमदार, कमाविसदार यांच्या वंशजांच्या माळ्यावर, देवघराखालच्या पेटीत काय आहे ते कुणी पाहिलेले नाही. एखाद्या चिठ्ठीत घाटाच्या चुन्याचा किंवा गवंड्यांच्या मजुरीचा हिशेब असू शकतो. रद्दीत घालण्याआधी मंडळाला दाखवा. आपल्यात मोडी वाचणारे दोघे आहेत, दोघेही सत्तरी ओलांडलेले. दर रविवारी सकाळी ते कार्यालयात बसायला तयार आहेत. पेटी आणणे जमत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ.