दादा, तुमची गाठ दाखवा

मी मूळचा लातूरचा, बीटेक नांदेडला विष्णुपुरीत, आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. वर्षभरापूर्वी क्लायंबिंग जिमला जायला लागलो. घरी सांगितलं तर आईने फोनवर एकच विचारलं, "अन् खाली दोर कोण धरायलंय?"

आजचा विषय तोच.

दोरवाल्या भिंतीवर एक जण चढतो, दुसरा खालून बिले देतो, म्हणजे दोर सांभाळतो. चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं सगळं बघायचं. हार्नेसचं बकल, आठच्या आकाराची गाठ, दोर बिले डिव्हाइसमधून बरोबर गेलाय का, कॅराबिनर लॉक आहे का. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसऱ्या महिन्यात मी एका सिनियर दादांना बिले देत होतो. त्यांची गाठ मला अर्धवट वाटली. नुसता एक आठ, दोर त्यातून परत फिरवलेलाच नाही. आणि मी गप्प! दहा वर्षं चढणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? ते दोन मीटर वर गेले तेव्हा शेजारची मुलगी ओरडली, "थांबा, गाठ बघा!" दादा भिंत धरून हळूहळू उतरले. खाली येऊन दोर जरा ओढला, तर सर्रकन सुटून हातात आला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे फक्त नवख्यांचं होतं असं नाही बरं का. लिन हिल माहितीये? 1993 मध्ये एल कॅपिटनचा 'नोज' मार्ग सगळ्यात आधी फ्री क्लाइंब करणारी तीच. 1989 मध्ये फ्रान्समध्ये गाठ बांधता बांधता तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. वर पोचून दोरावर भार टाकला आणि ती वीस मीटरहून जास्त खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली.

बोल्डरिंगला दोरच नसतो. भिंत कमी उंच, खाली जाड मॅट. गावाकडे विहिरीत उडी मारण्याआधी खाली कोण पोहतंय ते बघायचो ना, तसंच इथे. फक्त उलटं: कुणी वर असेल तर त्याच्या खालून जायचं नाही. रील काढायला तर अजिबात नाही. बाटली, मोबाईल मॅटवर ठेवायचा नाही, त्यावर पडून घोटा मुरगळतो. पडताना गुडघे वाकवा, हात मागे टेकवू नका. आणि कुणी विचारल्याशिवाय "डावा पाय वर घ्या" अशी शिकवणी नको. त्याला स्वतःला शोधायची मजा घेऊ द्या की!

गेल्या शनिवारी कॉलेजातला एक पोरगा मला बिले द्यायला उभा राहिला. पहिलाच आठवडा त्याचा. जरा घाबरतच म्हणाला, "दादा, तुमची गाठ दाखवा."

दाखवली. गाठ ठीक होती. हार्नेसचा पट्टा सैल निघाला.