अम्मीचा टेलिफोन

श्रोतेहो, घरात इंटरनेट असेल तर परदेशातल्या माणसाशी फुकटात बोलता येते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा कवीने या विषयावर, आणि तेही इतक्या उशिरा, काय बोलायचे ठेवले आहे, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण मी बोलणार आहे तो फोन खिशातला नव्हे. टेबलावरचा, गुंडाळ्या वायरीचा, जाड बटणांचा जुना टेलिफोन. आमच्या घरी तो इंटरनेटवर चालवावा लागला, त्याची ही हकिगत.

माझी आई, आम्ही तिला अम्मी म्हणतो, ब्याऐंशी वर्षांची आहे. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी ती आमच्याबरोबर राहते. थोरली बहीण, आमची आपा, लग्न होऊन इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेली त्याला चाळीस वर्षे होत आली. कोकणातल्या मुसलमानांच्या घरांत यात अप्रूप काही नाही. कुणी कुवेतला, कुणी मस्कतला, कुणाचे चुलते पार केपटाऊनला. घर गावात आणि माणसे समुद्रापलीकडे.

पूर्वी खुशाली पत्रातून कळे, पुढे कॅसेटमधून. टेपरेकॉर्डरभोवती सगळे घर बसे, जो तो दोन वाक्ये बोले आणि मागून कोंबडा आरवे. आपा म्हणायची, तो कोंबडा ऐकून तिला जास्त रडू यायचे. मग तालुक्याच्या गावी आयएसडीची बूथ आली. काचेच्या खोलीत लाल आकडे पळत आणि मिनिटामागे दहाच्या कितीतरी नोटा जात. अब्बांची नजर आकड्यांवर असे, कान आपाकडे. त्या फोनवर कुणी बोलत नसे, बातमी देत असे. बाळंतपण झाले. पैसे पोचले. मामू गेले. ठेवतो.

१ एप्रिल २००२ पासून आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला सरकारने परवानगी दिली. पुढच्याच वर्षी स्काइप निघाले, आणि २०२५ च्या मे महिन्यात बंदही झाले. आमच्या घरी मधल्या काळात सगळे येऊन गेले. अम्मीचा प्रश्न मात्र सुटेना. म्हाताऱ्या माणसाची कोरडी, राठ बोटे काचेच्या पडद्याला नीट कळत नाहीत. ती दाबते तेव्हा काही होत नाही, आणि गाल लागला की फोन कट होतो. डोळ्यांत मोतीबिंदू. मग सुनेला हाक मारायची, नातवाची वाट पाहायची. म्हणजे तिला बोलावेसे वाटे तेव्हा नव्हे, आम्हाला सवड असे तेव्हा ती लेकीशी बोलणार. दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. आपल्याकडे दफन थांबत नाही. आपा पोचली ती चौथ्या दिवशी. त्यानंतर अम्मीला आपाशी बोलण्याची ओढ फारच वाढली आणि आमच्या सवडीची तिला लाज वाटू लागली. ती तसे म्हणाली नाही. नुसती मोबाइलकडे बघत बसे.

गावात फायबरची वायर आली होती. भाच्याने सांगितले की जुना टेलिफोन इंटरनेटला जोडणारा एक अॅडॅप्टर मिळतो. साबणदाणीएवढा डबा, किंमत तीन हजारांच्या आसपास. एका बाजूला इंटरनेटच्या जाड वायरीचे भोक, दुसऱ्या बाजूला टेलिफोनच्या बारीक वायरीचे. तसाच एक डबा आपाच्या घरी. दोघांनी एकाच सेवेत नाव नोंदवायचे. नाव, पासवर्ड आणि सेवेच्या यंत्राचा पत्ता एवढेच डब्याला सांगावे लागते. या बोलण्याच्या व्याकरणाला एसआयपी म्हणतात आणि जगभर ते एकच असल्याने डबा कुठल्या कंपनीचा याला महत्त्व नाही. डब्यापासून डब्यापर्यंतच्या बोलण्याला आमच्या सेवेत पैसे पडत नाहीत. भाच्याला तर तळहाताएवढ्या संगणकावर घरचे एक्स्चेंजच उभे करायचे होते. ॲस्टरिस्क नावाची त्याची प्रणाली १९९९ पासून फुकट मिळते. मी नको म्हटले. एका म्हातारीला एका लेकीशी बोलायचे, त्याला एक्स्चेंज कशाला?

कायद्याचे सांगून टाकतो. असा डबा इथे आणि असा परदेशात, हे बोलणे २००२ च्या त्या नियमांत बसते. पण परदेशातून इंटरनेटवर आलेले फोन आपल्याकडचे सिमकार्ड लावून गावातल्या मोबाइलवर उतरवून देणे, हा गुन्हा आहे. कुणी स्वस्तात सोय करतो म्हणाला तर त्याला ओटीवरूनच परत पाठवा. आणखी एक. डब्याबरोबर आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. चोर असे उघडे डबे शोधतात आणि रात्रीतून महागड्या परदेशी नंबरांवर बोलून घेतात. आमच्या खात्यात मी पैसेच ठेवलेले नाहीत, चोरणार काय? आणि घराच्या भिंतीतली जुनी टेलिफोनची वायर या डब्याला जोडू नका. ती जिवंत असली तर डबा जळतो.

सगळे जोडले, दिवा स्थिर झाला. अम्मीने आपाचा नंबर फिरवला, आपाने उचलला, आणि पंचाईत झाली. अम्मीचे बोलणे आपाला जात होते, आपाचे अम्मीला येत नव्हते. अम्मी दोनदा "काय गो, कशी आहेस?" म्हणाली आणि रिसीव्हर हातात धरून मला म्हणाली, "बोलत नाही रे ती. रागावली असंल." आपा तिकडे घसा फोडून ओरडत होती, ते मला मागाहून मोबाइलवर कळले. त्या एका वाक्यात अम्मीने दोन वर्षे मनात काय धरले होते, ते मला समजले. दफन थांबवले नाही म्हणून लेक नाराज आहे, असे तिला वाटत होते.

कारण साधे होते. घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता असतो. मोठ्या वाड्याच्या दारात पत्र यावे आणि त्यावर खोली लिहिलेली नसावी, तसा आपाचा आवाज राउटरच्या दाराशी येऊन पडत होता. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय असते, ती मदतीच्या नादात पत्त्यांची खाडाखोड करते. भाच्याने ती बंद केली आणि डब्याला सांगितले, दर वीस सेकंदांनी सेवेच्या यंत्राला हाक देत राहा, म्हणजे दार उघडे राहील. दुसऱ्या दिवशी दोघी बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही, ओटीवर जाऊन बसलो.

मला स्वतःला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बोलणारा थांबला की हे यंत्र पाठवणेही थांबवू शकते, तेवढेच इंटरनेट वाचते. पण पलीकडच्याला फोन मेला असे वाटू नये म्हणून तिकडचा डबा खोटी हलकी खरखर ऐकवतो. शांततेचीही नक्कल करावी लागते! कवी म्हणून मला ही कल्पना फार आवडली, मुलगा म्हणून मी ती बंद करून टाकली. अम्मी हळू बोलते. ती बोलते आहे हे यंत्राला कळेपर्यंत पहिला शब्द कापला जाई, आणि तिचा पहिला शब्द बहुधा आपाचे नाव असते. आता शांतताही खरीच जाते. खर्च म्हणाल तर तासभर बोलण्याला एका दिशेने छत्तीस एमबीच्या आसपास, म्हणजे फायबरला नगण्य.

डब्यात एक सोय अशीही आहे की रिसीव्हर नुसता उचलला की ठरलेला नंबर आपोआप लागतो. मी हौसेने ती सुरू केली. अम्मी म्हणाली, "मी काय लुळी पडले?" तिला नंबर स्वतः दाबायचा होता. आता तिच्यासाठी तीन आकडे ठेवले आहेत. इशाची नमाज झाली की ती ते दाबते. उन्हाळ्यात आपाकडे तेव्हा असरसुद्धा व्हायची असते, याचे तिला अजून आश्चर्य वाटते. आपा फोन स्पीकरवर टाकून कांदा चिरते आणि अम्मी ऐकत बसते. दहा-दहा मिनिटे कुणी बोलत नाही.

या फोनला एक मोठी खोट आहे. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून वायरीतूनच वीज येई, गावात अंधार असला तरी तो वाजे. हा वीज गेली की मुका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले त्यानंतर वीज यायला किती दिवस लागले, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. राउटरला आणि डब्याला छोटा यूपीएस लावला आहे, दोनेक तास निभतात. शिवाय ११२ ला या फोनवरून हाक लागत नाही, म्हणून साधा मोबाइल घरात चार्ज करून ठेवलेलाच असतो. इंग्लंडात तर तांब्याच्या वायरीचे टेलिफोन मोडीत काढून सगळे इंटरनेटवर न्यायला जानेवारी २०२७ ची मुदत ठरवली आहे. म्हणजे ही काळजी तिकडच्या म्हाताऱ्यांनाही आहेच.

शेजारच्या चाचींनी हा टेलिफोन पाहिला आणि चिठ्ठीवर नंबर लिहून आणला. त्यांचा मुलगा शारजाला. मला नाही म्हणावे लागले. तिथल्या नियमांत इंटरनेटवरचे बोलणे परवाना असलेल्या मोजक्या सेवांतूनच चालते. व्हॉट्सअॅपवर मजकूर जातो, बोलणे नाही. असा डबा तिकडे लावला तर मुलाच्या नोकरीवर यायचे. परवान्याचे ॲप तो घेतो म्हणाला, पण त्याला इकडेही काचेचाच फोन लागतो आणि चाचींची बोटे अम्मीसारखीच. शेवटी त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा साधा मोबाइल आणला. चाची मिस्ड कॉल देतात, मुलगा उलट फोन करतो. त्याचे पैसे त्याच्या पगारातून जातात, म्हणून चाची उभ्याउभ्याच बोलतात. पैसे पोचले. गुडघा बरा आहे. ठेवते.