ज्यूलियन आणि सँडी

रेडिओवरच्या पात्राला चेहरा नसतो. त्याचे सारे घरदार आवाजात. त्यामुळे रंगभूमीवर जे दाखवता येणार नाही ते कधीकधी नभोवाणीवर ऐकवता येते. याचे एक नामी उदाहरण आज आपल्यापुढे ठेवतो.

मार्च १९६५ मध्ये बी.बी.सी.च्या लाइट प्रोग्रॅमवर ‘राउंड द हॉर्न’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि १९६८ पर्यंत चालला. रविवारी दुपारी घरेच्या घरे तो ऐकत. यजमान केनेथ हॉर्न म्हणजे भारदस्त आवाजाचे सभ्य गृहस्थ. दर खेपेला ते कुठल्या तरी दुकानाची पायरी चढत आणि आत भेटत ते हेच दोघे, ज्यूलियन आणि सँडी. आज पुस्तकांचे दुकान, उद्या वकिली, परवा सहलींची कचेरी. धंदा बदले, माणसे तीच! ह्यू पॅडिक आणि केनेथ विल्यम्स या नटांनी त्यांना आवाज दिला. लेखन बॅरी टूक आणि मार्टी फेल्डमन यांचे.

दोघे समलिंगी आहेत हे कोणी उघड सांगत नसे, पण ते लपतही नसे. बोलण्याच्या भरात आपण काय सांगून बसलो याचे त्यांना जणू भानच नाही! हॉर्नसाहेब साधासा प्रश्न विचारीत, आणि उत्तराला दोन अर्थ फुटत.

आता हे ध्यानात घ्या, की त्या काळी इंग्लंडात असा संबंध तुरुंगात धाडणारा गुन्हा होता. वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली. कायदा बदलायला १९६७ चा जुलै उजाडला. तोही एकवीस वर्षांवरील पुरुषांपुरता आणि खाजगीपुरता. कार्यक्रमाच्या चारांपैकी तीन मालिका त्याआधीच होऊन गेल्या होत्या.

मग हे खपले कसे? भाषेमुळे. दोघे ‘पोलारी’ बोलत. नट, खलाशी, जत्रेतले खेळवाले यांची ही चोरटी बोली. ‘बोना’ म्हणजे छान, ‘वाडा’ म्हणजे बघ. आपली मुले ‘च’ची भाषा बोलतात ना, तसाच प्रकार. तिच्यात इटालियन शब्द आहेत, रोमानीही आहेत. मूल या अर्थाचा तिच्यातला ‘चॅव्ही’ हा रोमानी शब्द तर आपल्या ‘छाव्या’चा दूरचा भाऊबंद! ज्यांना ही बोली कळत नसे ते वेडेपणाला हसत. ज्यांना कळे त्यांना आपलेच कोणी बोलते आहे असे वाटे.

असल्या नखरेल सोंगांनी लोकांना या माणसांना हसायलाच शिकवले, अशी तक्रार पुढे झाली. ती अगदीच खोटी नाही. पण एक गोष्ट पाहा. या दोघांची कधी फजिती होत नाही. बोलण्यात ते हॉर्नसाहेबांच्या वरताण ठरतात, आणि हॉर्नसाहेबही त्यांना हिणवत नाहीत. गुन्हेगार ठरवलेली माणसे इथे आनंदात आहेत, एवढे तरी लाखो घरांत ऐकू गेले. याची किंमतही पडली. गुपित चव्हाट्यावर आले, कायद्याची भीतीही ओसरली, आणि बोली हळूहळू मागे पडली.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेतून तोच गुन्हा आपल्याकडेही आणला. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवरचा तो डाग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुसला. आपल्या नाटक-सिनेमांतले बायकी सोंग मात्र अजून हशा वसूल करते. पुढच्या वेळी असा हशा पिकला, तर आपणही जरा कान देऊन ऐका: ते पात्र आपल्याबरोबर हसते आहे, की एकटे उभे आहे?