दीर्घ सेवेचे माप

एखादा अधिकारी दीर्घकाळ एकाच पदावर राहून निवृत्त झाला की त्याच्या गौरवाचा समारंभ ठरलेलाच असतो. हार, श्रीफळ, मानपत्र आणि भाषणे. व भाषणांत सेवेच्या वर्षांची बेरीज. परंतु वर्षांची संख्या हे सेवेचे खरे माप होय काय? अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहराचा इतिहास या प्रश्नाचे मोठे बोधप्रद उत्तर देतो.

अमेरिकेतील अनेक शहरांत कारभाराची एक विशेष पद्धती रूढ आहे. लोकनियुक्त नगरसभा धोरण ठरविते आणि ते अमलात आणण्यासाठी एका तज्ज्ञ व्यवस्थापकाची नेमणूक करते. व्हर्जिनियातील स्टॉन्टन या गावी १९०८ साली या पदाचा प्रारंभ झाला. पुढे १९१३ च्या महापुराने हानी झालेल्या डेटन शहराने ही पद्धती स्वीकारली, तेव्हा तिचा सर्वत्र बोलबाला झाला. मुंबई-पुण्याच्या महापालिका आयुक्ताशी या पदाचे पुष्कळ साम्य आहे. मुख्य भेद हा की, आयुक्त राज्य सरकार नेमते. व्यवस्थापकाला नेमणे आणि दूर करणे या दोन्ही गोष्टी नगरसभेच्या हाती असतात.

कॅन्सस सिटीच्या मतदारांनी अशी सनद १९२५ मध्ये मंजूर केली. पहिले व्यवस्थापक हेन्री मॅकेलरॉय हे १९२६ पासून १९३९ पर्यंत, म्हणजे तब्बल १३ वर्षे, अधिकारावर होते. दीर्घ सेवाच ती! परंतु नगरसभेत बहुमत होते ते टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याच्या गटाचे, आणि व्यवस्थापकही त्याच गटाचे. पगारपत्रकावर नावे असत. कामावर माणसे नसत. आपल्या हिशेबाच्या पद्धतीस मॅकेलरॉय ‘खेडवळ जमाखर्च’ म्हणत, आणि त्या जमाखर्चाच्या पोटात कोट्यवधी डॉलरांची तूट दडलेली होती. १९३९ साली पेंडरगास्ट प्राप्तिकर चुकविल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याच वर्षी मॅकेलरॉय यांनी राजीनामा दिला.

१९४० च्या निवडणुकीत शहरातील स्त्रियांनी केरसुणी हे आपले चिन्ह केले आणि जुनी सत्ता झाडून काढली. नव्या नगरसभेने मिशिगनमधील सॅगिनॉ येथून एल. पी. कुकिंगहॅम यांस पाचारण केले. सनद तीच, खुर्ची तीच, अधिकारही तेच. कुकिंगहॅम यांनी पगारपत्रकावरील निरुद्योगी नावे खोडली, नेमणुकीस वशिल्याऐवजी पात्रतेची कसोटी लावली आणि हिशेब नागरिकांपुढे उघडा ठेवला. भोवतालची उपनगरे स्वतंत्र होऊन शहराची कोंडी करतील हे ओळखून मिसुरी नदीच्या उत्तरेकडील प्रदेश शहरात समाविष्ट करण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. याहूनही मोलाचे कार्य म्हणजे, तरुण पदवीधरांस हाताशी धरून त्यांनी कारभाराचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकजण पुढे अन्य शहरांचे व्यवस्थापक झाले.

१९५९ च्या निवडणुकीने नगरसभेतील बळ पालटले आणि कुकिंगहॅम यांची १९ वर्षांची कारकीर्द संपली. ते टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे व्यवस्थापक म्हणून गेले व १९६३ पर्यंत त्या पदावर राहिले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. तरुणांस या व्यवसायात घडविणाऱ्यांसाठी व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जो पुरस्कार ठेवला, त्यास त्यांचेच नाव दिलेले आहे.

एकाच शहरातील या दोन कारकिर्दी. दीर्घ दोन्ही, गौरवास पात्र एकच. म्हणून निरोपाच्या दिवशी वर्षे खुशाल मोजावीत. परंतु मानपत्रावर सही करण्यापूर्वी जमाखर्चाची वही कोणासही उघडून पाहता येते काय, आणि रिकाम्या होणाऱ्या खुर्चीसाठी कोणी लायक माणूस तयार झाला आहे काय, एवढे दोन प्रश्न नागरिकांनी अवश्य विचारावेत.